तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन स्पीकर ऐकायला गेलो: केफ, हार्बेथ की बी अँड डब्ल्यू?

जोडतार

नमस्कार मंडळी. घरात गेली चौदा वर्षं एकच जोडी वाजते आहे, छोटे बुकशेल्फ स्पीकर. त्यातल्या डावीकडच्या वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या पडद्याची, कड आता फाटलीय. डग्ग्यावर जोरकस थाप पडली की फडफड ऐकू येते. तेव्हा आता बदलायचेच असं ठरवलं आणि गेल्या महिन्यात मुंबईच्या एका डीलरकडे दोन चकरा मारून आलो. सविस्तर लिहितोय, कारण पहिल्या चकरेत जे पक्कं वाटलं होतं ते दुसऱ्या चकरेत पार बदललं. इथल्या जाणकारांचं मत हवंय.

आधी घरची परिस्थिती. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, १६ फूट बाय ११ फूट. खाली टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. स्पीकर आखूड भिंतीजवळ, सोफा समोरच्या आखूड भिंतीला टेकलेला. अँप्लिफायर (अँप) ५० वॉटचा, ४ ओमचा भार पेलणारा. तो बदलायचा नाही. ऐकणं बहुतेक सगळं खयाल गायकी, थोडं नाट्यसंगीत, थोडा सरोद. बजेट जोडीला चार लाखांच्या आसपास. हे पैसे तीन वर्षं बाजूला टाकत आलोय, त्यामुळे घाई करायची नाही.

ऐकलेल्या तीन जोड्या:

केफ आर३ मेटा. थ्री-वे, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांना वेगवेगळे पडदे. वरच्या सुरांचा ट्वीटर मधल्या सुरांच्या शंकूसारख्या पडद्याच्या मध्यभागी बसवलेला. केफचं हे युनि-क्यू तंत्र १९८८ पासूनचं. ‘मेटा’ म्हणजे ट्वीटरच्या मागे भूलभुलैयासारख्या वाटा असलेली एक चकती, मागच्या बाजूला निघणारा आवाज तिच्यात जिरतो.

हार्बेथ पी३ईएसआर एक्सडी. तिघांत सगळ्यात लहान, जेमतेम एक फूट उंच, बंद पेटी, मागे भोक नाही. बीबीसीच्या संशोधन विभागातले डडली हारवुड यांनी १९७७ मध्ये काढलेली ही कंपनी. हारवुड आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ, दोघांच्या नावांतून हार्बेथ. बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत बसवण्यासाठी एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर केला होता, पी३ त्याच घराण्यातला.

बी अँड डब्ल्यू ७०५ एस३. ट्वीटर पेटीच्या डोक्यावर वेगळ्या नळकांड्यात.

पहिल्या चकरेत डीलरने तिन्ही जोड्या सिलेक्टरच्या खटक्यावर लावल्या होत्या. त्याच खोलीत आणखी दहा-बारा स्पीकर भिंतीकडेने उभे. खटका दाबला की जोडी बदलते, व्हॉल्यूम तोच. पंधरा मिनिटांत माझा निकाल लागला: बी अँड डब्ल्यू पहिला, केफ दुसरा आणि हार्बेथ खूप मागे. हार्बेथवर गाणं दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं वाटलं. अॅडव्हान्स द्यायचा एवढंच बाकी होतं.

परतीच्या गाडीत तिन्हींची माहितीपत्रकं चाळत होतो. संवेदनशीलतेचे, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो त्याचे, आकडे पाहिले: हार्बेथ ८३.५ डेसिबल, केफ ८७, बी अँड डब्ल्यू ८८. तेव्हा डोक्यात उजेड पडला. व्हॉल्यूम तोच ठेवला तर हार्बेथ बी अँड डब्ल्यूपेक्षा साडेचार डेसिबल खाली वाजणार, आणि साडेचार डेसिबल म्हणजे जवळपास पावणेतीन पट पॉवरचा फरक. मी स्पीकर ऐकलेच नव्हते, फक्त मोठा आवाज आणि लहान आवाज ऐकला होता. बारीक फरक असला की मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो, ‘मोकळा’ वाटतो. हे मी वाचलं होतं, तरी समोर बसल्यावर फसलोच.

दुसऱ्या चकरेला आईला सोबत नेलं. ती तीस वर्षं गाणं शिकवते. आणि घरच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर नेलं. तंबोरा मिरजेचा, तिच्या गुरूंनी लावून दिलेला. एका रविवारी सकाळी तिने तारांखालचं सूत सरकवून जवारी (तारांची गुंजन करणारी झंकार) नीट लावली आणि मी रेकॉर्डर भोपळ्यापासून फूटभर अंतरावर ठेवून दहा मिनिटं ध्वनिमुद्रण केलं. त्यावर काहीही प्रक्रिया केली नाही. कल्पना अशी की बाजारातल्या कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये मूळ आवाज कसा होता हे आपल्याला माहीत नसतं. हा तंबोरा मात्र आई रोज मांडीवर घेते.

या वेळी डीलरला आधीच सांगून ठेवलं होतं की बाकीचे स्पीकर खोलीबाहेर हवेत. त्याने कुरकुर न करता काढून ठेवले. फोनवर आवाज मोजायचं अॅप लावलं, पिंक नॉइज (सगळे सूर असलेला चाचणीचा खरखराट) वाजवला आणि फोन कानाच्या उंचीवर एकाच जागी ठेवून तिन्ही जोड्यांसाठी व्हॉल्यूमचा आकडा लिहून घेतला. फोनचं माप अचूक नसतं, पण तोच फोन, तीच जागा असली की तुलनेला पुरतं.

आईला कुठली जोडी वाजतेय ते सांगितलं नाही. ती डोळे मिटून बसली होती. पहिल्या जोडीवर तंबोरा सुरू झाला, ती म्हणाली, “जवारी छान खुलतेय, पण तंबोरा माझ्यापासून दूर ठेवलाय.” दुसऱ्या जोडीवर बराच वेळ काही बोलली नाही, मग बोटाने मांडीवर चार तारा मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, “जोडीच्या दोन तारा वेगवेगळ्या छेडल्यात हे कळतंय. दुसरी पहिलीपेक्षा जराशी हळू छेडली मी.” तिसऱ्या जोडीवर तिने डोळे उघडले. “हा भोपळा आहे,” म्हणाली. “लाकूड ऐकू येतंय. पण खर्ज मला अजून थोडा हवा.”

पहिली बी अँड डब्ल्यू, दुसरी केफ, तिसरी हार्बेथ.

मग तिने तिच्या आवडत्या गवयांची रेकॉर्डिंग्ज ऐकली, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई. दोन तास झाले. केफची एक गोष्ट मला विलक्षण वाटली: खुर्ची फूटभर बाजूला सरकवली तरी गाणारा जागचा हलत नाही. बी अँड डब्ल्यूवर सरोदचा आघात इतका लख्ख की अंगावर काटा आला. हार्बेथवर गळा आहे, छाती आहे, श्वास घेतलेला कळतो, पण ठेक्यात डग्गा जरा हलका.

आता प्रश्न. आवाज जुळवल्यावर हार्बेथ खालून वर आला, पण डग्ग्याची उणीव राहिली. केफवर ती नाही. तुम्ही काय घ्याल? आणि दुकानात जे ऐकलं ते घरी कितपत टिकतं?

सोल्डरगन

उत्तम लिहिलंत. बाकीचे स्पीकर बाहेर काढायला लावलेत हे फारच बरं केलंत. न वाजणाऱ्या स्पीकरचे पडदेही समोरच्या आवाजाने थरथरतात आणि खालच्या सुरांत स्वतःचं काहीतरी मिसळतात.

आईंना डोळे मिटून, नाव न सांगता ऐकवलंत हेही महत्त्वाचं. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मनमध्ये यावरच आयुष्य घालवलं. १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर, तेच श्रोते घेऊन एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्याआड ऐकवले. दिसत असताना दिलेले गुण आणि न दिसता दिलेले गुण जुळले नाहीत. हार्मनच्या प्रयोगशाळेत तर एक यंत्र आहे, ते काही सेकंदांत एक स्पीकर मागे नेऊन दुसरा नेमका त्याच जागी आणतं. तुमच्या डीलरकडे तिन्ही जोड्या एकमेकींच्या शेजारी होत्या ना? म्हणजे प्रत्येक जोडीचं भिंतीपासूनचं अंतर वेगळं. त्याचाही फरक पडतो.

आणखी एक करून पाहा. जोडीतला एकच स्पीकर वाजवा, मोनो. स्टिरिओत दोघे मिळून बरंच झाकतात, एकट्या स्पीकरचा स्वभाव लगेच उघडा पडतो. आपल्याकडची जुनी आकाशवाणीची रेकॉर्डिंग्ज मोनोच आहेत, त्यामुळे आपल्या ऐकण्याच्या ती जवळचीही आहेत.

बंदिश

वाचतेय. जोडतार, एक विचारते. तुम्ही घरी किती मोठ्याने ऐकता? आमच्याकडे मुलं झोपल्यावर रात्री दहानंतर ऐकणं होतं, अगदी हळू. मी दुकानात ऐकून आणलेले स्पीकर घरी बेचव वाटले होते, तेव्हा वर्षभर मला वाटत होतं की अँप बिघडलाय. नंतर फ्लेचर आणि मन्सन यांचे १९३३ चे आलेख वाचनात आले. आवाज लहान केला की माणसाच्या कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतात. दुकानात दणकून वाजवल्यावर डग्गा भरदार वाटतो, तोच घरी हळू लावला की गायब. म्हणून दुकानात निदान अर्धा तास तरी आपल्या घरच्या आवाजात ऐका. डीलरला ते आवडत नाही, कारण हळू आवाजात काहीच दिपवत नाही.

मांडवीकाठ

थोडं अवांतर, पण जोडतार यांच्या फाटलेल्या कडेवरून लिहितो. मी पणजीला राहतो. वूफरच्या कडेला फोम असेल तर आमच्याकडच्या दमट हवेत तो काही वर्षांत चिकट होऊन बोटाला लागतो आणि गळून पडतो. माझ्या दोन जोड्या अशा गेल्या. रबराची कड असेल तर टिकते. कड बदलून मिळते, पडदा चांगला असेल तर जुने स्पीकर टाकू नका. आणि टर्मिनलवर हिरवा थर आला असेल तर वायरचं टोक कापून नवं तांबं उघडं करा.

रुळलेला

तीन जोड्या नव्या होत्या की वाजलेल्या? नवे स्पीकर दोनशे तास वाजल्याशिवाय मोकळे होत नाहीत. हार्बेथचा डग्गा तेवढ्यानेच सुटेल असं माझं मत आहे. केबलचाही विचार करा.

सोल्डरगन

रुळलेला, इथे मी सहमत नाही. वूफरची कड आणि स्पायडर (पडद्याला मागून धरून ठेवणारी लवचीक चकती) सुरुवातीला थोडे सैल होतात हे खरं, पण ते काही तासांत होतं आणि त्याने डग्ग्याची उणीव भरून निघत नाही. दोनशे तासांत जे बदलतं ते बहुतेक वेळा आपले कान. शिवाय तेवढ्यात परत करायची मुदत उलटून जाते. केबल अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या, पुरे.

जोडतार, तुमचा खरा प्रश्न खोलीचा आहे. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद धरला तर लांबीच्या दिशेने खोली ३५ हर्ट्झला आणि त्याच्या दुप्पट, ७० हर्ट्झला घुमणार. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला येतो. आणि डग्ग्याची मींड तर हातातला स्वीपच (सरकत जाणारा चाचणीचा सूर) आहे. तळव्याने दाब वाढवत नेला की सूर खालून वर सरकतो. ती मींड ऐकताना एका ठिकाणी आवाज एकदम फुगतो का ते घरी ऐका. सोफा भिंतीला टेकलेला म्हणजे तुम्ही घुमारा सर्वांत जास्त असतो तिथेच बसलाय.

ओसरी

वाचनखूण साठवली. जोडतार, तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग हॉलमध्ये केलंत का? तसं असेल तर हॉलचा घुमारा त्यात आधीच आला, आणि तो परत हॉलमध्ये वाजवला तर दुप्पट होईल.

जोडतार

ओसरी, चांगला मुद्दा. रेकॉर्डिंग आतल्या खोलीत, गादीवर बसून केलं. कपाटाला आणि खिडकीला दोन गोधड्या टांगल्या होत्या. माइक फूटभरावर असल्याने खोलीचा भाग फारच कमी आलाय.

बंदिश, आम्हीही हळूच ऐकतो. तुमचा प्रतिसाद वाचून आईने दुकानात काय आवाजात ऐकलं होतं ते आठवलं: ७५ डेसिबल. घरी मोजलं तर रात्री ६२-६३ भरतं.

सोल्डरगन, तुमचं गणित वाचून त्याच रात्री एक झपतालाचं रेकॉर्डिंग लावलं. जुन्याच स्पीकरवर. मींड खालून वर येताना एका सुरावर डग्गा भप्पकन फुगतो आणि लगेच बसतो. चौदा वर्षं मी ते तबलजीचं वजन समजत होतो. सोफ्यावरून उठून खोलीच्या मध्याकडे चालत गेलो तर भिंतीपासून चार फुटांवर तो फुगवटा नाहीसा झाला. पुन्हा मागे गेलो, परत आला. आईला उभं करून दाखवलं.

डीलरशी बोललोय. अनामत भरून केफ आणि हार्बेथ या दोन जोड्या शनिवार-रविवारसाठी घरी द्यायला तयार आहे. बी अँड डब्ल्यू आईच्या यादीतून गेले, सरोद जास्त ऐकत असतो तर मी हट्ट धरला असता.

सोल्डरगन

अभिनंदन. चार फूट हे नेमकं ७० हर्ट्झच्या शांत जागेवर आहे, लांबीचा पाव भाग. दोनच फूट पुढे आलात तरी तो घुमारा तीन डेसिबलने उतरेल. केफच्या खोक्यात मागच्या भोकात बसवायचे स्पंजचे बोळे येतात, तेही बसवून ऐका. जमलं तर कोणाकडून युमिक-१ माइक मिळवा आणि रूम ईक्यू विझार्डवर मोजा, ते सॉफ्टवेअर फुकट आहे.

चौथीसीट

मी उलट बाजूने सांगतो. केफच घ्या. खालचं कमी करणं सोपं, नसलेलं आणणं अवघड. पुढेमागे ईक्यूची (ठरावीक सूर कमी-जास्त करण्याची) सोय असलेला स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र, घेतलात तर ७० हर्ट्झचा फुगवटा कापता येईल. माझ्याकडे तसंच केलंय आणि समाधानी आहे. छोट्या बंद पेटीतून पखवाज ऐकायला बसलात तर निराशा होईल.

जोडतार

दोन दिवस दोन्ही जोड्या घरी होत्या, आज सकाळी परत नेल्या. सांगतो.

शनिवारी आधी केफ. एकेक साडेबारा किलोच्या आसपास, स्टँडवर चढवताना मदत घ्यावी लागली. सोफा भिंतीलाच ठेवून तंबोरा लावला. वरच्या तारा दुकानात होत्या तशाच, अगदी सुबक. पण डग्गा आला आणि काचेचं दार हलकं वाजायला लागलं. दोष स्पीकरचा नाही, ते जे करायला हवं ते करतायत, घुमतंय ते घर. बोळे बसवले, बरंच सुधारलं. सोफा चार फूट पुढे ओढला आणि अक्षरशः दुकानात ऐकलं त्याहून चांगलं ऐकू आलं. विलंबित खयालात ठेका इतका स्वच्छ की धा आणि धिं यांतला डग्गा वेगळा धरता येत होता. चौथीसीट, तुमचं म्हणणं मला तिथे पटलं.

रविवारी हार्बेथ. व्हॉल्यूम आधी जुळवून घेतला. सोफा परत भिंतीला, कारण रोज तो तिथेच असणार. आणि मी जे अपेक्षिलं नव्हतं ते झालं: दुकानात हलका वाटलेला डग्गा इथे पुरा होता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, म्हणाली, “त्या दिवशी मागितलेला खर्ज यांनी आता दिला.”

याचं कारण संध्याकाळी कागद घेऊन बसल्यावर कळलं. हार्बेथचा आवाज ७५ हर्ट्झच्या खाली उतरायला लागतो आणि बंद पेटी असल्याने हळूहळू उतरतो. माझी खोली ७० ला उचलते. जिथे स्पीकर मागे सरतो तिथे खोली हात देते. डीलरच्या खोलीत भिंतींना जाड शोषक पट्ट्या आहेत, स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे आहेत. तिथे हात द्यायला कोणी नव्हतं. म्हणजे दुकानात जी उणीव होती तीच माझ्या घरात सोय झाली. ३५ हर्ट्झला ते काही देत नाहीत, पण माझ्या ऐकण्यात तिथे काही नसतंच.

सोफा कायमचा चार फूट पुढे ठेवता आला असता तर मी केफ घेतले असते, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण स्वयंपाकघराची वाट तिथूनच आहे, आणि आईचा गुडघा दुखतो, तिने रोज वळसा घालावा हे मला नको. ईक्यूचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे, फक्त जुना सीडी प्लेअर थेट अँपला आहे आणि आमच्याकडच्या अर्ध्या मैफली सीडीवर आहेत.

बंदिश

छान निर्णय. रात्रीच्या हळू आवाजातही ऐकलंत का? आणि ५० वॉट पुरतात का हार्बेथला?

जोडतार

ऐकलं. ६२ डेसिबलवर गाण्याचे शब्द केफवर किंचित जास्त स्पष्ट होते, हार्बेथवर गळा जास्त जवळ होता. मी गळा निवडला. पॉवरचं म्हणाल तर सोफा साडेदहा फुटांवर आहे. तानांच्या सगळ्यात चढत्या जागी मोजलं तेव्हा ८६ डेसिबल भरलं आणि अँप कुठेही आवळला नाही. नगाऱ्यासारखा आवाज हवा असणाऱ्याने मात्र यांच्या वाटेला जाऊ नये.

मांडवीकाठ

आणि जुने?

जोडतार

मांडवीकाठ, तुमच्या सांगण्यावरून कड बदलायला दिलेत. रबराची बसवायला सांगितलीय. झाले की आईच्या शिकवणीच्या खोलीत जातील.

हार्बेथची ऑर्डर दिली, रंग चेरी. स्टँड २४ इंची, बसल्यावर ट्वीटर कानाच्या रेषेत येतो. सध्या ठरवलेली जागा मागच्या भिंतीपासून दीड फूट, दोन स्पीकरांत साडेसहा फूट, तोंड थोडं आत वळवलेलं. काचेच्या दाराला जाड पडदा आणि समोर सतरंजी आधी टाकतोय. त्यानंतर युमिकने मोजून आलेख इथेच टाकीन.

तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग ज्यांना डेमोसाठी हवंय त्यांनी विपुत (विचारपुशीत) निरोप टाका, फाइल पाठवतो. आईची हरकत नाही. तिने फक्त एवढं सांगितलंय की वाजवताना आवाज तंबोऱ्याचा असतो तेवढाच ठेवा. फूटभरावर तंबोरा किती मोठा ऐकू येतो ते माहीत नसेल तर एकदा कोणाच्या तरी शिकवणीत शेजारी बसून ऐका आणि मग दुकानात जा.